शिळेवर एक ओळ
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



देवळालीच्या तोफा ऐकतच आपण वाढलो. म्हणून आज माणगाव तालुक्याचे, मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे आठवतात. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन कडाडली. तुकडीप्रमुख घाडगे तेवढे धड राहिले. बाकीचे ठार वा जखमी झाले. ते मागे फिरले नाहीत. एकट्याने हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, गोळ्या भरण्यास सवड नव्हती म्हणून बंदुकीनेच झोडपून उरलेल्यांना लोळविले. तेथेच लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. वय अवघे २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समाधी मात्र नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

देणगीदारांची यादी मीच लिहिली आहे. शिळेवर गावच्या जवानांनाही एक ओळ द्यावी, ही नम्र विनंती. जय हिंद!