भिंतीवरील सरळ रेघ



दिवाळी जवळ आली कीं घराला रंग देण्याचा विचार घरोघर सुरू होतो. भिंतीचा खालचा भाग गडद व वरचा फिका ठेवावयाचा, असें पुष्कळ मंडळी ठरवितात आणि रंगहि हौसेनें निवडतात. परंतु दोन रंग जेथें मिळतात ती रेघ वेडीवांकडी झाली, तर सारा खर्च त्या रेघेपाशीं फुकट जातो. आलेल्या पाहुण्याची नजर नेमकी तेथेंच थांबते.

ही रेघ साधावी म्हणून जी कागदी चिकटपट्टी लावतात, तिला बाजारांत मास्किंग टेप म्हणतात. तिच्या जन्माची कथा बोधप्रद आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत सेंट पॉल येथें रिचर्ड ड्रू नांवाचा तरुण काचकागद तयार करणाऱ्या कंपनींत १९२१ सालीं नोकरीस लागला. नवा काचकागद पारखण्यासाठीं तो मोटारी रंगविण्याच्या कारखान्यांत जात असे. त्या काळीं दुरंगी मोटारींची आवड होती. रंगारी गाडीवर कागद चिकटवीत. पण तो काढतांना खालचा रंग सालपटासारखा निघून येई आणि झालेलें काम पुन्हा करावें लागे. ड्रूनें उपाय शोधण्याचें वचन दिलें आणि १९२५ सालीं सुरकुत्यांच्या क्रेप कागदाची पट्टी सिद्ध केली. रंग होईतों धरून राहावें आणि काम संपतांच खालच्या रंगाला न दुखवितां सुटावें, हा तिचा गुण.

तथापि पट्टी लावली कीं रेघ आपोआप साधते, हा भ्रम आहे. प्रथम खालचा रंग निदान एक दिवस, दमट हवेंत दोन दिवस, वाळूं द्यावा. भिंतीवरील धूळ कोरड्या फडक्यानें पुसावी. उंची जमिनीपासून मोजूं नये, कारण जमिनीस बहुधा उतार असतो. पाणसळीनें खुणा कराव्या आणि त्यांवरून पट्टी ताणून न धरतां हळूहळू लावीत जावें. मग तिची कड बोटाच्या नखानें किंवा गुळगुळीत पट्टीनें चांगली दाबावी.

एवढें करूनहि भिंतीच्या खरखरीतपणामुळें कडेखालीं बारीक फटी राहतात व त्यांतून रंग झिरपतो. यावर अनुभवी रंगारी एक सोपी युक्ति करतात. पट्टीखालीं जो रंग आहे, त्याच रंगाचा पातळ हात ते कडेवरून आधीं फिरवितात. झिरपावयाचें तें त्याच रंगांत झिरपतें आणि फटी बुजून जातात. तो हात वाळल्यावर नवा रंग द्यावा. कुंचल्यावर रंग थोडा घ्यावा आणि कुंचला पट्टीकडून भिंतीकडे ओढावा. कडेंत खुपसूं नये. एका जाड हातापेक्षां दोन पातळ हात बरे.

खरी परीक्षा पट्टी काढतांना होते. शेवटचा हात पुरता वाळण्यापूर्वींच ती उलट दुमडून, तिरकी व सावकाश ओढावी. पट्टी आठ-पंधरा दिवस तशीच राहिली तर तिचा चीक भिंतीस धरून बसतो. रंग वाळूनच गेला असेल, तर कडेवरून धारदार पात्याची हलकी रेघ ओढावी आणि मग पट्टी उचलावी; नाहीं तर रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून येतो.

चुन्याच्या किंवा हाताला पांढरें लागणाऱ्या जुन्या भिंतीवर मात्र ही पट्टी वापरूं नये. ती चुन्यासकट निघते. तेथें रंगाऱ्याचें जुनें सूतच चांगलें: भुकटी लावलेला दोरा दोन टोकांस ताणून धरावा, मधोमध उचलून सोडावा, आणि उमटलेल्या रेघेवर हातानें रंग भरावा. भिंतीची शंका असल्यास कपाटामागील कोपऱ्यांत वीतभर पट्टी लावून, काढून पाहावी. पांच मिनिटांच्या त्या परीक्षेनें सणाच्या तोंडावर सबंध भिंत पुन्हा रंगविण्याचा प्रसंग टळतो.