मुलांचा गेम, घरातला कॉम्प्युटर



संयोजकांनी मला ‘तुझ्या कामातलं, पण आम्हाला समजेल असं’ बोलायला सांगितलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं अनोळखी लोकांसोबत ऑनलाइन गेम खेळतात. म्हणून तोच विषय घेते.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. नागपुरातल्या कित्येक घरांत त्या दिवशी सुतकच होतं! तेव्हा चर्चा झाली ती आपली माहिती बाहेर जाण्याची. मी सांगणार आहे ते बाहेरून आत काय येऊ शकतं त्याबद्दल.

गेमचं इंजिन म्हणजे चित्र, हालचाल, आवाज आणि नेटवर्क सांभाळणारा तयार पाया. एकाच इंजिनावर अनेक गेम उभे असतात. खेळताना ते परक्या कॉम्प्युटरकडून सतत निरोप घेत असतं : मी इथे आहे, मी गोळी झाडली, माझं नाव अमुक. वीस अक्षरांच्या जागेत कुणी दोन हजार अक्षरं पाठवली आणि इंजिनाने ती मोजलीच नाहीत, तर उरलेली शेजारच्या मेमरीत सांडतात. जाणकार माणूस ती अशी रचतो, की कॉम्प्युटर त्यांनाच हुकूम समजून पाळतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘डार्क सोल्स ३’ खेळणाऱ्या एकाचा गेम थेट प्रक्षेपण चालू असताना बंद पडला आणि त्याच्याच कॉम्प्युटरमधून यांत्रिक आवाज त्याच्या खेळावर टीका करू लागला. लोक हसले, पण ज्याला आवाज काढता येतो, त्याला फाइलीही उघडता येतात. कंपनीने ऑनलाइन खेळ थांबवला, तो ऑगस्टमध्ये परत सुरू झाला.

दुसरं उदाहरण ‘काउंटर-स्ट्राइक’च्या सोर्स इंजिनाचं. खेळण्याचं आमंत्रण स्वीकारलं, की समोरच्याला आपल्या कॉम्प्युटरवर ताबा मिळवता येईल, अशी फट एका संशोधकाने २०१९ मध्ये कंपनीला कळवली. त्या गेममध्ये ती बुजवली गेली एप्रिल २०२१ मध्ये.

आपल्या मारबतीसोबत इडापीडा गावाबाहेर जाते. या फटी मात्र अपडेटनेच जातात. म्हणून घरी तीन गोष्टी करा. अपडेट टाळू नका. फुकटचे ‘मॉड’ आणि ‘हॅक’ उतरवू देऊ नका. आणि ज्या कॉम्प्युटरवर मुलं खेळतात, त्यावर बँकेचे व्यवहार करू नका.

शेवटचं खास शिक्षकांसाठी. वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी असते, जिला गेम जिंकण्यापेक्षा तो कुठे मोडतो ते शोधण्यात रस असतो. तिला ‘बिघडली’ म्हणू नका. पण हेही सांगा, की दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फट सापडली तर कंपनीला किंवा सरकारच्या ‘सर्ट-इन’ला कळवायची. हे काम करणाऱ्या माणसांची आमच्या क्षेत्राला फार गरज आहे. अशा मुलांना वेळेवर एक समजूतदार मोठं माणूस भेटलं पाहिजे. आपल्याला या शाळेत तशी माणसं भेटली.