सायंकाळचा भोंगा

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

सांगली जिल्ह्याच्या कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव नांवाचें सुमारें तीन हजार वस्तीचें एक गांव आहे. २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, या गांवानें एक नवी रीत पाडली. सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावयाचा, आणि तो कानीं पडतांच घरोघरचे दूरदर्शनसंच व मोबाईल फोन बंद करावयाचे, असें ठरलें. पुढील दीड तास मुलांनीं वाचावें, लिहावें, घरच्यांशीं बोलावें. साडेआठ वाजतां भोंगा पुन्हां झाला म्हणजे ज्याला पाहिजे त्यानें आपलें यंत्र सुरू करावें. करोनाच्या सांथींत शाळा बंद पडल्या व पाठ फोनवरून सुरू झाले. पुढें शाळा उघडल्या, तरी मुलांच्या हातचे फोन सुटेनात, हें वडीलधाऱ्यांच्या ध्यानांत आलें होतें. ही कल्पना आरंभीं सर्वांस पटली नाहीं. गांवांतील स्त्रियांनीं मात्र ती उचलून धरली. अंगणवाडी सेविका, आशा सेविका, ग्रामपंचायतीचे सेवक आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, आणि रीत रुळली.

या हकीकतींत खरी ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही, कीं भोंगा सर्वांसाठीं एकाच वेळीं वाजला. एकट्या मुलाचा फोन बंद केला, म्हणजे तेवढ्या वेळांत सोबत्यांचें काय बोलणें चाललें असेल, त्यांत आपलें नांव निघालें असेल काय, या विचारानें तें मूल पूर्वींपेक्षांहि अधिक बेचैन होतें. सर्वांचेच फोन बंद असले, तर मागें पडण्याची भीति कोणालाच उरत नाहीं. समाजमाध्यमांनीं मुलांच्या मनाला जो त्रास होतो, त्याचें मूळ पुष्कळ अंशीं एकटेपणांत आहे. मूल यंत्रापुढें एकटें असतें, आणि पुष्कळदां उपायहि त्या एकट्यानेंच करावा, अशी घरच्यांची अपेक्षा असते. ही दुसरी चूक सुधारणें सर्वस्वीं घराच्या हातीं आहे.

हीं माध्यमें मनावर चालतात तरी कशीं, हें प्रथम पाहूं जातां दोन युक्ति प्रामुख्यानें दिसतात. पहिली न संपणाऱ्या पानाची. पुस्तकाचें प्रकरण संपतें, खेळाचा डाव संपतो, आणि त्या संपण्यांतच थांबण्याची सूचना असते. २००६ सालीं एझा रास्किन या अमेरिकन रचनाकारानें अशी योजना केली, कीं पान खालीं सरकवीत जावें तों नवा मजकूर आपोआप पुढें येत राहावा. या शोधाबद्दल त्यानें पुढें जाहीर खेदहि व्यक्त केला. दुसरी युक्ति मोजण्याची. २००९ सालीं फेसबुकनें 'लाइक' ही पसंतीची खूण सुरू केली, आणि मैत्रीला आंकडा चिकटला. आपलें छायाचित्र किती जणांनीं पाहिलें, किती जणांस आवडलें, आणि शेजारच्या बाकावरील मुलीचें त्याहून किती अधिक जणांस आवडलें, हें तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला दिवसांतून पन्नास वेळां मोजतां येऊं लागलें. या वयांत दुसऱ्याच्या नजरेंतून स्वतःस पाहण्याची ओढ निसर्गतःच बलवत्तर असते. त्या ओढीला तराजू मिळाला, आणि तो तराजू रात्रंदिवस उशाशीं राहिला.

पूर्वीं शाळेंत कोणी चिडविलें, तर शेवटची घंटा झाल्यावर निदान दुसऱ्या दिवसापर्यंत विसावा मिळे. घरचें अंगण, आजीची खोली, गल्लींतला दुसरा सवंगडी, असे आडोसे असत. आतां चिडविणारे मुलाबरोबरच घरीं येतात, जेवणाच्या पानाशीं बसतात आणि पांघरुणांतहि शिरतात.

या विषयाचा विचार करतांना घबराट आणि बेफिकिरी हीं दोन्ही टोकें टाळलीं पाहिजेत. २०२१ सालीं फ्रान्सेस हौगन या फेसबुक कंपनीच्या माजी नोकरदार बाईंनीं कंपनीचे अंतर्गत कागद उघडकीस आणले. आपल्या शरीराविषयीं आधींच असमाधानी असलेल्या किशोरवयीन मुलींपैकीं शेंकडा ३२ मुलींची ही भावना इन्स्टाग्राममुळें अधिक वाईट झाली, अशी कबुली त्या कागदांत होती. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ति यांनीं मे २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निवेदनांत, रोज तीन तासांहून अधिक वेळ या माध्यमांवर घालविणाऱ्या मुलांमध्यें खिन्नता, चिंता इत्यादि मनोविकारांच्या लक्षणांचा धोका दुप्पट असल्याचें नमूद केलें. उलटपक्षीं, एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रझिबिल्स्की या ऑक्सफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१९ सालीं साडेतीन लाखांहून अधिक मुलांची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यांत जो फरक आढळतो, त्यांतील फार तर शेंकडा ०.४ एवढाच भाग यंत्रांच्या वापराशीं जोडतां येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हे आंकडे परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांतून एक शहाणपण निघतें. सरासरीचें मूल कोणाच्याच घरीं नसतें. एकाच माध्यमावर एक मुलगा तबल्याचे बोल शिकतो, दुसरा परगांवीं गेलेल्या मित्राशीं नातें टिकवितो, आणि तिसरा मध्यरात्रीं स्वतःचा धिक्कार करणारीं चित्रें पाहत राहतो. लंडनमधील एका चौदा वर्षांच्या मुलीनें २०१७ सालीं स्वतःच्या जिवाचें बरेंवाईट करून घेतलें. तिच्या मृत्यूच्या चौकशींत, माध्यमांनीं तिच्यापुढें सतत आणलेल्या मजकुराचाहि या मृत्यूला हातभार लागला, असा निर्णय मृत्युचौकशी अधिकाऱ्यानें २०२२ सालीं दिला. म्हणून 'मुलांचें काय होतें' यापेक्षां 'या मुलाचें काय होत आहे' हा प्रश्न आईबापांस अधिक उपयोगाचा आहे.

त्याचें उत्तर मिळविण्यास मोठी विद्या लागत नाहीं. मुलाची झोप कमी झाली आहे काय? आवडीचा खेळ, वाद्य किंवा मित्र त्यानें सोडला आहे काय? फोन वाजतांच त्याचा चेहरा उतरतो काय? जेवणांत, अभ्यासांत, बोलण्यांत पंधरा दिवसांमागें होतें त्याहून निराळें कांहीं दिसतें काय? एखादें लक्षण एखादे दिवशीं दिसल्यानें घाबरूं नये. पण तीं एकत्र येऊन टिकूं लागलीं, तर तो हट्ट किंवा आळस समजूं नये.

उपायांत पहिला मान झोपेचा. मनाची जी मशागत झोपेंत होते, ती दिवसाच्या कोणत्याहि उपदेशानें होत नाहीं. रात्रीं सर्वांचे फोन स्वयंपाकघरांतील एका फळीवर ठेवावे आणि निजण्याच्या खोलींत कोणाचाहि नेऊं नये. गजर लागतो ही सबब पुढें आलीच, तर साधें गजराचें घड्याळ आणून द्यावें. येथें 'सर्वांचे' हा शब्द महत्त्वाचा. वडिलांचा फोन उशाखालीं राहिला आणि मुलाचा तेवढा फळीवर गेला, तर तो नियम न राहतां शिक्षा होते. आणि शिक्षा चुकविण्यांत मुलें मोठ्यांपेक्षां नेहमींच अधिक कल्पक असतात.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. समजा, नववींतील एका मुलीचें छायाचित्र वर्गांतील कोणी विद्रूप करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलें. चाळीस मुलें हंसलीं. ती मुलगी घरीं येते, 'डोकें दुखतें' म्हणून पडून राहते आणि आईला कांहींहि सांगत नाहीं. कां सांगत नाहीं? तिला आईचें उत्तर आधींच ठाऊक असतें: "तरी सांगत होतें! आण इकडे तो फोन." ज्या घरांत संकट सांगितल्याबरोबर फोन जप्त होतो, त्या घरांत संकटें सांगितलीं जात नाहींत. अपमान सोसवेल, पण मैत्रिणींचा सहवास तुटणें सोसवणार नाहीं, असा हिशेब मूल करतें आणि गप्प राहतें. त्या मौनांत त्याचें दुःख वाढतें; कधीं त्याला धमकावणाऱ्या माणसाचें धैर्यहि वाढतें.

म्हणून संकट येण्यापूर्वींच, साध्या शांत वेळीं, आईबापांनीं मुलाला एक वचन द्यावें: "तुझ्याकडून चूक झाली असली, तरी आधीं आम्हांला सांग. सांगितलेंस म्हणून फोन काढून घेतला जाणार नाहीं." आणि तें वचन पाळावें. मूल सांगूं लागलें, म्हणजे प्रथम ऐकावें, न्यायनिवाडा मागाहून. आलेला मजकूर लगेच पुसूं नये, त्याची प्रत पुराव्यादाखल राखावी. उलट शिवीगाळ करूं नये. त्या माध्यमाकडे तक्रार नोंदवावी आणि शाळेंतील विश्वासाच्या शिक्षकांस भेटावें. धमकी किंवा अश्लील छायाचित्राचा प्रकार असेल, तर पोलिसांकडे जाण्यास संकोच करूं नये. संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा, आणि मनाच्या तक्रारींसाठीं केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनि क्रमांक आहे. बेंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत तर यंत्रांच्या अतिवापरानें त्रासलेल्यांसाठीं २०१४ पासून स्वतंत्र दवाखाना चालतो. मूल जगण्याचा कंटाळा आल्याचें बोललें, किंवा त्यानें स्वतःला इजा करून घेतली, तर त्याला एकटें न सोडतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. ज्वर चढला असतां कोणी लोकलज्जेनें थांबत नाहीं. मनाच्या ज्वरासहि तोच न्याय लागू आहे.

तिसरी गोष्ट घरांतील मोठ्यांच्या वागण्याची. तुलनेचा पहिला धडा मुलाला माध्यमांनीं दिलेला नसतो. दहावीचा निकाल लागला, कीं नातेवाइकांच्या ग्रुपवर गुणांचे आंकडे झळकूं लागतात; मावसभावाचे ९६, आत्येबहिणीचे ९४. ७१ मिळविलेला मुलगा दारामागें उभा राहून घरांतील शांततेचा अर्थ लावीत असतो. मुलाच्या परवानगीवांचून त्याचें छायाचित्र, त्याचे गुण, त्याची फजिती चारचौघांत मांडणाऱ्या आईबापांनीं 'लाइक'च्या मोहाबद्दल त्याला काय सांगावें? जेवतांना वडिलांची नजर पडद्यावर असेल, तर मुलाची गोष्ट अर्ध्यावरच थांबते, आणि ती ऐकणारा दुसरा कोणी मग त्याच पडद्यांत सांपडतो.

राज्यकर्तेहि आतां जागे होऊं लागले आहेत. ऑस्ट्रेलियानें २०२४ सालीं कायदा केला, आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस प्रमुख समाजमाध्यमांवर खातें ठेवण्याची मनाई झाली. दंड कंपन्यांस, मुलांस किंवा आईबापांस नव्हे. भारतानें २०२३ सालीं केलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यांत अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमति आवश्यक ठरविली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. त्याचे नियम २०२५ सालीं निघाले, व अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा ठरला. हे कायदे स्वागतार्ह आहेत. तथापि कायदा हें कुंपण आहे. आंत झाड वाढविण्याचें काम घराचें आहे.

शहरांतील घरांस देवळावरचा भोंगा नाहीं, ही अडचण खरी. पण एका इमारतींतील पांच कुटुंबांस, किंवा एका वर्गांतील दहा मुलांच्या आईबापांस, सायंकाळचा एक तास ठरवितां येणार नाहीं काय? आपल्या मुलाला फोन केव्हां द्यावयाचा, वर्गाचा ग्रुप रात्रीं किती वाजतां बंद व्हावा, हें त्यांनीं एकत्र बसून ठरविलें, तर 'सगळ्यांकडे आहे, मलाच नाहीं' ही मुलांची खरीखुरी व्यथा पुष्कळ हलकी होईल. त्या तासांत खालच्या मोकळ्या जागेंत चेंडू उडूं लागला, जिन्यांत पत्त्यांचा डाव पडला, तर उपदेशाची गरजहि फारशी राहणार नाहीं.

मात्र भोंगा वाजून यंत्रें निमाल्यावर घरांत जी शांतता पसरते, ती भरून काढण्याची तयारी मोठ्यांची हवी. पहिले कांहीं दिवस ती अवघड वाटेल; मूल कुरकुरेल, वडिलांचा हातहि नकळत खिशाकडे जाईल. तेवढे दिवस धीर धरावा. एखाद्या सायंकाळीं भाजी निवडणाऱ्या आईच्या शेजारीं मुलगी येऊन बसेल, उगीच एक शेंग हातांत घेईल, आणि खालीं पाहत म्हणेल, "आई, एक सांगूं? रागावणार नाहींस ना?" त्या वेळीं आईचे हात आणि कान मोकळे असावे.