साठीनंतरचा तीनताल



१५ डिसेंबर २०२४ रोजी उस्ताद झाकिर हुसेन गेले. आपण जन्मलो तेव्हा वडिलांनी, म्हणजे उस्ताद अल्लारखाँ यांनी, कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, ही आठवण ते स्वतः सांगत. त्या आठवड्यात ती पुन्हा वाचली आणि मनात आलं, आपल्या कानात हे बोल कधी पडणार? मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा, बँकेतून नुकताच निवृत्त झालेला.

जानेवारीत मी घराजवळच्या तबल्याच्या क्लासात नाव घातलं. वर्गात आम्ही बारा जण. अकरा जण शाळेतले. पहिल्याच दिवशी एका चिमुरडीनं विचारलं, 'आजोबा, नातवाला सोडायला आलात?'

पहिलं अक्षर 'ना'. अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकवायची आणि तर्जनीनं चाटेवर वाजवायचं. ऐकायला सोपं. पण माझी तर्जनी उठली की अनामिकाही तिच्यामागोमाग उठे. मुलांची बोटं आठवड्यात ऐकू लागली, माझ्या बोटांना दीड महिना लागला. डाव्या हाताची तर वेगळीच तऱ्हा. मनगट डग्ग्यावर टेकवून 'गे' काढताना लक्षात आलं, या हाताला आपण जन्मभर पिशवी धरण्यापलीकडे काही शिकवलंच नाही.

खरी परीक्षा तीनतालात झाली. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. नवव्या मात्रेला खाली. दहाव्या मात्रेपासून 'तिं तिं ता, ता' अशा चार मात्रा डग्ग्यानं घुमायचं नाही, चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला परत यायचं. माझा डग्गा मात्र घुमतच राही. सर म्हणायचे, 'काका, हात आवरा.' एकदा वैतागून मी म्हणालो, 'सर, मला समजलंय, फक्त वाजत नाही.' सर शांतपणे म्हणाले, 'मग अजून समजलेलं नाही.'

छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन चालवणारा मी. मुलांसमोर हे ऐकून घेणं जड गेलं. गुडघा दुखतो असं सांगून तीन आठवडे क्लास बुडवला. शेवटी बायको म्हणाली, 'तबला गुडघ्यानं वाजवतात हे मला माहीत नव्हतं!' आणि जाता जाता जोडलं, 'थांबणं तुम्हाला घरी तरी कुठे जमतं? माझं वाक्य संपायच्या आत तुमचं सुरू होतं.'

मी परत गेलो. सरांनी पंधरा दिवस तबल्याला हात लावू दिला नाही. नुसता ठेका तोंडानं म्हणायचा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात बाजूला. तोही इतक्या संथ लयीत, की दोन मात्रांच्या मध्ये चहाचा घोट घ्यावा. तेव्हा कळलं, वेगात चूक झाकली जाते, संथ लयीत ती उघडी पडते. मोठ्या माणसाला घाई असते ती बहुतेक यासाठीच. बोटांच्या कडकपणाचं आपण उगाच नाव घेतो. आडवी येते ती चूक दिसण्याची लाज.

वर्षअखेरीस मी गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रारंभिक' परीक्षा दिली. बाहेर बाकावर तीच चिमुरडी शेजारी होती. माझे थरथरते हात पाहून ती म्हणाली, 'आजोबा, खालीत फक्त मनात मोजायचं.' मी तसंच केलं. डग्गा गप्प राहिला आणि चौदाव्या मात्रेला वेळेवर परतला. उत्तीर्ण झालो. तिला माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले, हेही सांगून टाकतो.

मी कुणाची साथ करायला मैफलीत बसणार नाही, याची मला कल्पना आहे. पण हल्ली बायको बोलू लागली की मी मनात चार मात्रा मोजतो. ती म्हणते, 'एवढं जमलं तरी क्लासची फी वसूल झाली.'