चाकातला च, चहातला च

‘चाक’ आणि ‘चहा’ हे दोन शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. अक्षर एकच, उच्चार दोन. मराठी घरातलं मूल हा भेद कुणी न शिकवता उचलतं. पण म्हैसूरमध्ये वाढणारं आपलं मूल दिवसभर कन्नड ऐकतं, आणि कन्नडात चाकातला च नाही. मग त्याच्या मेंदूत हा भेद कितपत टिकतो? मेंदूविज्ञानात पीएच.डी. करू पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की असा प्रश्न हाती असेल तर निम्मा अर्ज झालाच.

असाच प्रश्न दुसऱ्या भाषांबाबत विचारला गेला आहे. एस्टोनियन भाषेतला एक स्वर तिच्या सख्ख्या बहिणीत, फिनिशमध्ये, नाही. तो कानावर पडला की एस्टोनियन मेंदू ठळक प्रतिसाद देतो आणि फिनिश मेंदू फिका, हे संशोधक रिस्टो नॅटॅनेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवलं. पद्धत साधी, पण चिकाटीची. डोक्यावर टोपी, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली जेल, समोर आवाज बंद केलेला सिनेमा. कानात एकच ध्वनी शेकडो वेळा आणि मधूनच दुसरा. मेंदूची लाट जेमतेम काही मायक्रोव्होल्टची. पापणीची एक उघडझाप तिला सहज गिळते. म्हणून शेकडो नोंदींची सरासरी काढायची.

असं काम शिकायला दूर जायला नको. १९६०च्या दशकात सुरू झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था इथेच म्हैसूरला, मानसगंगोत्री परिसरात आहे. त्याही आधी, १९२४ साली, लंडनला मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांच्याकडे शिकून आलेल्या गोपालस्वामींनी म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्र विभाग उभा केला. याच गोपालस्वामींनी १९३५ साली आपल्या घरातून ‘आकाशवाणी’ नावाचं रेडिओ केंद्र सुरू केलं. मनाचा अभ्यास आणि ध्वनीचं प्रसारण या गावात असं एकाच माणसाच्या हातून रुजलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता पैशाचं बोलू; ते बोलायला लाजू नका. मानसशास्त्र किंवा भाषाविज्ञान घेऊन नेट या पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली, तर २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. वाक् व श्रवण संस्था स्वतःही पीएच.डी.साठी फेलोशिप देते. आईवडिलांनो, ही मेहनतीची कमाई आहे. ‘अजून किती शिकणार?’ हा प्रश्न मुलीला विचारू नका.

मात्र जागा मोजक्याच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठच विद्यार्थी, सहायक प्राध्यापकाकडे चार. म्हणून मार्गदर्शकाला लिहिताना आधी जागा आहे का ते विचारा. त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचा आणि त्यात तुमचा प्रश्न कुठे बसतो ते चार ओळींत मांडा. ‘मला मेंदूची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. चाक आणि चहा यांनी करा.