बुलस्ट्रोडची किल्ली



व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजी कादंबरी म्हटली की सज्जनास बक्षीस आणि दुर्जनास शासन, असा एक ठोकळा आपण मनाशी धरून बसतो. डिकन्सच्या पुष्कळ पानांवर तो खराही ठरतो. त्याचा युरिया हीप पहिल्याच भेटीत आपल्या ओलसर हातांनी ओळख पटवून देतो. त्याचा तिरस्कार करताना वाचकाच्या अंगाला काही लागत नाही. आम्ही आज बोलणार आहोत तो माणूस असा सहजी हातावेगळा होत नाही.

जॉर्ज एलियट, म्हणजे मेरी अ‍ॅन इव्हान्स, हिची 'मिडलमार्च' १८७१-७२ साली भागाभागांनी निघाली. तीत बुलस्ट्रोड नावाचा एक भाविक सावकार आहे. एका विधवेशी लग्न करताना तिच्या हरवलेल्या मुलीचा ठावठिकाणा त्याने दडवून ठेवला आणि त्या पैशावर तो मोठा झाला. ही गोष्ट ठाऊक असलेला रॅफल्स पुढे त्याच्याच घरी आजारी पडतो. दारूचा थेंबही द्यायचा नाही, आणि अफूची मात्रा अमुक वेळी थांबवायची, असे डॉक्टर लिडगेट बजावतो. बुलस्ट्रोड रात्रभर शुश्रूषा करतो, मात्रा कधी थांबवायची हे घरकाम करणाऱ्या बाईला सांगायचे विसरतो, आठवल्यावर सांगायला निघतो आणि वाटेतच थांबतो. थोड्या वेळाने ती ब्रँडी मागायला येते. तो दार किंचित उघडून कपाटाची किल्ली पुढे करतो. सकाळी रॅफल्स मरतो.

याला खून म्हणावे काय? कोणतेही न्यायालय म्हणणार नाही. आणि तो ढोंगी होता, असे म्हणून सुटण्याची सोयही लेखिकेने ठेवलेली नाही. त्याची प्रार्थना खरी होती. स्वतःची धर्मश्रद्धा तरुणपणीच सोडलेल्या, स्पिनोझाचे नीतिशास्त्र भाषांतरित केलेल्या या बाईने एका भाविकाची टिंगल न करता त्याच्या मनात इतके खोल उतरावे, याचे आम्हाला आजही नवल वाटते. इच्छा पापाकडे वळली की बुद्धी तिला सबबी पुरवीत राहते, हा क्रम तिने पावलापावलाने दाखविला आहे.

गावात बभ्रा होतो. त्याची पत्नी हॅरिएट खोलीचे दार लावून घेते, रडते, मग अंगावरचे दागिने उतरवून साधा काळा पोशाख चढविते. आपल्याकडे दागिने उतरविणे हे वैधव्याचे चिन्ह. इथे नवरा जिवंत आहे आणि ती त्याच्याचकडे निघाली आहे. ती शेजारी बसते, दोघे रडतात. यातले खरे किती, हे ती विचारीत नाही; मी निर्दोष आहे, असे तोही म्हणत नाही.