धम्म आपल्या बोलीत आला म्हणून



आज वर्धापन दिनी आम्ही भाषांतराविषयी बोलणार आहोत. विषय कोरडा वाटेल. पण भाषांतर झालं नसतं तर अमरावती-अकोल्याच्या खेड्यापाड्यांत बुद्ध पोचले असते का, याचा विचार करा.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. दोन ब्राह्मण भिक्खू तथागतांकडे आले. नाना कुळांतले भिक्खू बुद्धवचन आपल्या बोलीत बिघडवतात, आम्ही ते छंदस् मध्ये म्हणजे वेदांच्या भाषेत बसवतो, असं ते म्हणाले. तथागतांनी नकार दिला. बुद्धवचन ‘सकाय निरुत्तिया’ शिकावं, असं सांगितलं. आपापल्या बोलीत शिकावं, असाच त्याचा अर्थ आजचे बहुतेक अभ्यासक घेतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला तेच घडलं. त्रिशरण-पंचशील पालीत झालं, पण बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी मराठीत वदवून घेतल्या. आपल्या वऱ्हाडातून गेलेल्या, अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्यांनाही आपण काय सोडतो आणि काय धरतो, हे तिथल्या तिथं समजलं.

बाबासाहेबांचा ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ हा ग्रंथ इंग्रजीत होता. तो १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर निघाला. आपल्या वस्तीत इंग्रजी वाचणारे तेव्हा किती होते? पंजाबात जन्मलेल्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तो हिंदीत आणला. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांनी मराठीत आणला. मग तो घराघरांत, वर्षावासात वाचला जाऊ लागला.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी शाहीर उभे राहिले. वामनदादा कर्डकांसारख्यांनी ग्रंथातला विचार गाण्यात आणला. बंधुभगिनींनो, तेही भाषांतरच होय! जयंतीच्या रात्री ढोलकीवर जे ऐकलं, ते आमच्या मायमाऊल्यांनी दळता-कांडता पाठ केलं.

आता पडदा आला. जब्बार पटेलांचा बाबासाहेबांवरील चित्रपट मूळ इंग्रजीत, २००० सालचा. पण तमिळ प्रेक्षकांना तो आपल्या भाषेत चित्रपटगृहात पाहायला २०१० साल उजाडावं लागलं. याउलट, बाबासाहेबांवरची एक हिंदी मालिका २०२० मध्ये ‘महानायक’ नावानं कन्नडमध्ये आली आणि कर्नाटकात गावोगावी लोकांनी मालिकेचे फलक लावले. माणूस तोच, कार्य तेच. आपल्या भाषेत ऐकलं आणि लोकांनी त्याला आपलं म्हटलं.

मात्र भाषांतर जपून करावं लागतं. बाबासाहेबांनी इंग्रजी ग्रंथाच्या नावातही ‘धम्म’ हा शब्द तसाच ठेवला. रिलिजन वेगळा आणि धम्म वेगळा, हे त्यांनी त्याच ग्रंथात सांगितलं आहे. मराठी भाषांतरकारांनीही तो शब्द राखला. उद्या कोणी गाण्यात, मालिकेत बुद्धांना ‘अवतार’ म्हटलं, तर एका शब्दानं आपली पाचवी प्रतिज्ञाच मोडते. चुकीचा शब्द गोड चालीत आला की लेकरं तोच धरून बसतात.

आपली लेकरं आज इंग्रजी शाळेत शिकतात. वंदनेला हात जोडून बसतात आणि हळूच विचारतात, “माय, हे काय म्हणून राह्यले?” त्या प्रश्नाला उत्तर नसेल तर पाठांतर उरेल, धम्म उरणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी. दर रविवारी प्रत्येक गाथेनंतर तिचा मराठी अर्थ वाचावा. आपल्या म्हाताऱ्यांच्या तोंडची गाणी वहीत उतरवावीत. शिकलेल्या मुला-मुलींनी त्यांचा अर्थ हिंदी-इंग्रजीत लिहावा, म्हणजे नोकरीनिमित्त परप्रांतात गेलेल्यांच्या लेकरांनाही तो कळेल. लिहिलेलं भन्तेजींना व जाणत्यांना दाखवून मगच वाटावं. याला मोठा निधी लागत नाही, फक्त वही लागते आणि बसण्याची तयारी.

ज्यांनी आपल्यासाठी भाषांतर केलं त्यांचं ऋण असंच फिटेल.

नमो बुद्धाय! जय भीम!